साड्यांच्या कपाटातला षड्ज

आषाढ उतरणीला लागला की आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटवर बांबू रोवले जातात, त्यांवर निळी ताडपत्री ताणली जाते आणि संध्याकाळी ढोलपथकाचा सराव सुरू होतो. धायरीत राहायला आल्यापासून हे दरवर्षीचे आहे. आधी एखादा ताशा उगाच तडतडतो, मग कोणीतरी शिट्टी फुंकते, आणि मग सगळे ढोल एकदम कोसळतात. 'वाजतात' हे क्रियापद मी मुद्दाम टाळतो. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे; तिथे मांडणीवरच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणतात आणि खिडकीच्या गजांवर हात ठेवला तर हाताला मुंग्या आल्यासारखे होते. यंदाही ते सुरू झाले आहे. मी हे लिहीत असताना समोरच्या पेल्यातले पाणी थरथरते आहे.

याच दिवसांतली एक गोष्ट माझ्याविषयी सांगितली जाते, आणि ती सांगणाऱ्यांपैकी एकालाही ती ठाऊक नाही. आमच्या सोसायटीचे सचिव लेले यांचे म्हणणे असे की, ढोलवाल्यांवर सूड उगवण्यासाठी मी म्हातारपणी पितळी बाजा विकत घेतला. माझे चिरंजीव श्रीरंग सांगतात, बाबांना निवृत्ती मानवली नाही. मला निवृत्त होऊन इतका काळ लोटला आहे की ती मानवायची नसती तर ते एव्हाना मलाही समजले असते. नातेवाइकांत तिसरीच आवृत्ती फिरते : डॉक्टरांनी फुफ्फुसांसाठी सांगितले होते म्हणे. माझी फुफ्फुसे उत्तम आहेत. मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचे लिलाव पुकारण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. ट्रकांचे भोंगे, हमालांच्या आरोळ्या आणि व्यापाऱ्यांची घासाघीस यांच्या डोक्यावरून माझा पुकारा शेवटच्या गाळ्यापर्यंत पोहोचत असे. माझी भाषा वाचून काहींना हे खरे वाटत नाही. लिलाव पुकारणाऱ्याने वाचू नये, असा नियम मला अजून कोणी दाखवलेला नाही.

कारण एकच होते. माझ्या पत्नीला, सुमनला, मी दुसऱ्या खोलीतून हाक मारू शकत नव्हतो.

तिला ऐकू येत नव्हते, एवढेच मी म्हणालो असतो तर लोकांनी मान हलवून विषय बदलला असता. या वयात कान जातात, हे सर्वांना माहीत असते. पण समोरासमोर बसले की माझ्या ओठांवरून तिला बरेचसे कळत असे. आमचे बोलणे बंद झाले, असे म्हणणेही खोटे ठरेल. गेले ते निराळेच काहीतरी. दोन माणसे अनेक वर्षे एका घरात राहिली की ती समोरासमोर बसून फारसे बोलत नाहीत. त्यांचा संसार चालतो तो भिंतीआडून.

"अहो, दूध वर येतंय, बघा जरा!"

"किल्ली कुठे ठेवलीस गं?"

"तिथेच."

"तिथेच म्हणजे कुठे?"

"तिथेच म्हणजे तिथेच!"

या संवादात चेहरा नसतो. आवाज फक्त एवढे कळवतो की पलीकडे कोणी आहे, आणि ते वैतागण्याइतके ठणठणीत आहे. एका सकाळी मी न्हाणीघरातून टॉवेलसाठी हाक मारली. पुन्हा मारली. मग लिलावातल्या आवाजात मारली. वरच्या मजल्यावरचे कुत्रे भुंकू लागले. यार्डाच्या शेवटच्या गाळ्यापर्यंत जाणारा माझा आवाज चार पावलांवरच्या स्वयंपाकघरात पोहोचला नाही. ओल्या अंगाने बाहेर येऊन पाहिले तर ती पाठमोरी उभी होती आणि शांतपणे कोथिंबीर निवडत होती. मला पाहून ती दचकली. त्या दिवसापासून मी तिच्या मागून जाणे सोडले.

उपाय झाले. कानाचे यंत्र आणले. "कानात कोणीतरी सारखं कागद चुरगळतंय" असे म्हणून तिने ते रबरबँडांच्या खणात टाकले. श्रीरंगने नातवाची जुनी पाटी आणून दिली. मी तीवर 'चहा?' असे लिहून तिच्यासमोर धरले. "मला पाटी दाखवू नका," ती म्हणाली, "मी काय शाळेत बसलेय?" कानाच्या डॉक्टरांनी आलेख दाखवला, त्यावरची रेघ सिंहगडाचा कडा उतरावा तशी खाली आली होती. "वरच्या पट्टीतलं सगळं गेलंय," ते म्हणाले, "खालच्या पट्टीतलं थोडं शिल्लक आहे. तेही फार दिवस राहील असं मी सांगणार नाही."

फार दिवस राहणार नाही. ते चार शब्द घेऊन मी घरी आलो आणि तेव्हापासून घाईत होतो. लोकांना जो माझा विक्षिप्तपणा वाटला तो ही घाई होती.

आणि मग गेल्या वर्षी असाच आषाढ सरत आला. मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. सुमन स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती, एक हात गजावर. मागे प्लॉटवर पहिला ढोल पडला, आणि ती मागे न वळता, पूर्वीच्या आवाजात म्हणाली, "आले वाटतं तुमचे शत्रू."

माझे शत्रू, कारण त्या सरावाविरुद्ध पोलीस चौकीत दरवर्षी जाणाऱ्या अर्जावर पहिली सही माझी असे. तो अर्ज मी आजही योग्यच मानतो. पण त्या संध्याकाळी मी वर्तमानपत्र खाली ठेवले. तिने खाली वाकून पाहिले नव्हते. तिला ते गजातून, फरशीतून, कुठूनतरी समजले होते. म्हणजे वाट होती. अरुंद होती, बुजत चालली होती, पण होती.

घरात ढोलच का नाही आणला, असे श्रीरंगने नंतर विचारले. ढोल बडवला जातो. ठोक्याला लांबी नसते. हाक लांबवावी लागते. 'सुमन' या नावातला मधला स्वर मी आयुष्यभर ओढत आलो, तो ओढल्याशिवाय ते नाव माझे होत नाही. मला श्वासाने लांबवता येईल असा, खालच्या पट्टीतला, भक्कम आवाज हवा होता. आणि भिंतीपलीकडच्या लेल्यांना तो ऐकू जायला नको होता. या दोन अटी एकमेकींच्या उरावर बसतात, हे कळायला मला महिना लागला.

बुधवार पेठेत, विजेच्या सामानाच्या दुकानांमागच्या बोळात, रफीकभाईंचे वाद्यांचे दुकान आहे. वडिलांच्या वेळेपासूनचे. बँडवाल्यांची वाद्ये तिथे विकली जातात आणि पोचे काढायलाही येतात. मी माझी मागणी स्पष्ट शब्दांत सांगितली : पितळी वाद्य, नवशिक्याला जमेल असे, घरात हळू वाजवण्यासाठी.

"कोण शिकणार? नातू?"

"मी."

रफीकभाईंनी चष्म्यावरून पाहिले. "काका, हळूच वाजवायचं असेल तर शेजारच्या दुकानात सतार मिळते."

"सतार हवी असती तर मी शेजारच्या दुकानात गेलो असतो."

"म्हणजे पेठेतलेच दिसता. बसा. चहा घेणार? का तोही हळूच?"

त्यांनी एकेक वाद्य काचेच्या फळीवर मांडले. ट्रंपेट हाती घेताच तो लग्नाच्या वरातीत निघाल्यासारखा वाटला. फ्रेंच हॉर्न म्हणजे पितळी जिलबी. देखणी, पण रफीकभाईच म्हणाले की ती नवशिक्याला रडवते. ट्रॉम्बोनची दांडी पुढे सरकवली की आमच्या बैठकीतून थेट लेल्यांच्या घरात गेली असती. कोपऱ्यात एक भले मोठे, ढेरपोटे वाद्य बसले होते, युफोनियम नावाचे. त्याच्याकडे मी पाहिलेही नाही. शेवटी कॉर्नेट ठरले : ट्रंपेटचे आखूड, गोलसर भावंड, आवाजाने मवाळ. त्याच्या पुढच्या रुंद तोंडात बसवायला एक बूच मिळते, त्याला म्यूट म्हणतात. "हे लावलंत," रफीकभाई म्हणाले, "की शेजारी झोपलेले उठणार नाहीत."

तसेच झाले. शेजारी उठले नाहीत. पहिला आठवडा माझ्या ओठांतून घोड्याने नाक फुरफुरावे तसा आवाज येत होता. फुंकायच्या त्या लहान तोंडाने माझी कवळी हिरडीत रुतत होती. "डास हाकलताय का?" सुमनने विचारले. हळूहळू सूर निघू लागला. ती समोर बसलेली असे तेव्हा कौतुकाने पाही. मग मी आतल्या खोलीत जाऊन वाजवी, दाराच्या फटीतून पाही. ती तांदूळ निवडत असे. खडा सापडला की बाजूला ठेवी. मी वाजवत राही. दुसरा खडा.

पावसाने भिंती ओल्या झाल्या होत्या. तिच्या उरल्यासुरल्या कानातले रोज किती जाते आहे हे मोजायला माझ्याकडे साधन नव्हते. रोज सकाळी उठल्यावर मी एक गोष्ट करीत असे. तिच्या उशीमागे उभा राहून, पूर्वी सोडून दिलेली ती गोष्ट, हलकेच "सुमन" म्हणत असे. मग मोठ्याने. मग चहा ठेवायला जात असे.

मी कॉर्नेट परत नेले. "ज्यांना ऐकू जाऊ नये त्यांना ऐकू जात नाही," मी म्हणालो, "पण जिला जावे तिलाही जात नाही." आणि प्रथमच तिच्याविषयी सांगितले. रफीकभाईंनी विनोद केला नाही. कोपऱ्यातले ते ढेरपोटे धूड उचलून त्यांनी माझ्या मांडीवर बसवले. "याचं फुंकायचं तोंड मोठं आहे, कवळीला टोचणार नाही. ओठ सैल सोडले तरी बोलतो. पण काका, हा कितीही हळू बोलला ना, तरी भिंतीतून जातो."

"भिंतीतूनच जायला हवा आहे."

त्याच्या पुढच्या एवढ्या मोठ्या तोंडाचे बूच त्यांच्याकडे नव्हते. ते मी घरी शोधले : सुमनचे कपाट. लोखंडी कपाटाचे दार उघडून मी त्यासमोर स्टूल टाकले आणि युफोनियमचे तोंड तिच्या साड्यांत खुपसले. इरकली, नारायणपेठी, श्रीरंगच्या मुंजीतली जांभळी, वर्षानुवर्षे न नेसलेल्या जरीच्या. डांबराच्या गोळ्यांचा वास नाकात जाई आणि पितळेचा कर्कशपणा त्या घड्यांत विरून जाई. उरे तो खालचा, जाड, जमिनीलगतचा आवाज. त्या वाद्याला तीन कळा असतात. त्यांतली एकही न दाबता, नुसत्या श्वासावर, एक षड्ज निघतो. मला तेवढाच हवा होता. गाणे शिकायचे नव्हते. मला माणूस बोलवायचे होते.

अर्थात लेल्यांपर्यंत ते गेलेच. तिसऱ्या दिवशी सूचनाफलकावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेले दिसले : 'सभासदांनी सदनिकेत म्हैस पाळण्यापूर्वी समितीची परवानगी घ्यावी.' मी खाली लिहिले : 'म्हैस पाळलेली नाही. सचिवांनी कान तपासून घ्यावेत.' ते शेवटचे वाक्य लिहिताना माझा हात अडखळला, हे लेल्यांना माहीत असण्याचे कारण नाही. दुपारी मात्र मी कधीही वाजवले नाही. माझ्या दारावर मीच लावलेली पाटी होती : 'दुपारी एक ते चार घंटी वाजवू नये. वाजवल्यास दार उघडले जाणार नाही.' मी स्वतःला नियमातून वगळणाऱ्यांपैकी नाही.

आणि मग ती संध्याकाळ. सुमन स्वयंपाकघरात पाठमोरी बसून शेपू निवडत होती. मी आतल्या खोलीत, कपाटासमोर, दोन भिंतींपलीकडे. पोट भरून श्वास घेतला आणि तो षड्ज लावला; सरळ, न हलता, छातीत काही उरेनासे होईपर्यंत. तो थांबला आणि बाहेरून आवाज आला :

"अहो, टँकर आला वाटतं! पिंप भरून घ्या!"

टँकर आला नव्हता. मी स्टुलावर बसून राहिलो. तोंड त्या जांभळ्या साडीत खुपसून मी रडलो, हे इथे लिहितो, कारण दुसऱ्या कोणी लिहिले तर त्यात चूक करील. तिने मला पाण्याचा टँकर समजले होते. समजेना का! ती मला समोर न पाहता, पाठ वळवून बसलेली असताना, बोलली होती. भिंतीपलीकडून हाक गेली होती आणि भिंतीपलीकडून उत्तर आले होते.

पुढचे दिवस त्या ऋतूतले माझे वैभव होते. एक लांब सूर म्हणजे चहा. दोन तुटक म्हणजे गोळी घ्यायची वेळ. संध्याकाळी मी बाजा कपाटातून काढून बाहेर आणी, ती खुर्ची जवळ ओढी आणि त्याच्या रुंद काठावर तळवा ठेवून डोळे मिटून घेई. "ऊन लागतंय हाताला," एकदा म्हणाली. बाहेर ढोल, आत हा सूर, आणि मधोमध तिचा हात. गणपती आले, गेले. ढोल थांबले, ताडपत्री निघाली. नवरात्रानंतर ती अंथरुणाला खिळली. तेव्हा मी तो बाजा पलंगाशी नेत असे, तिचा हात उचलून त्यावर ठेवत असे. थंडी पडू लागली तशी बोटे नुसती टेकलेली राहू लागली. एकदा हलली. तिची देखभाल करायला ठेवलेली मंदा म्हणाली, झोपेत हलतात. मार्गशीर्षात सुमन गेली.

यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नाही. श्रीरंग म्हणतो, "बाबा, आई संध्याकाळ झाली की टँकर आला म्हणायचीच. सवय होती तिला." मी त्याला विचारले, मग नेमके त्याच क्षणी का म्हणाली? तो म्हणाला, "कधीतरी म्हणणारच होती ना." हा युक्तिवाद नव्हे. पण मंदाने जे सांगितले त्याला मी काय नाव देऊ? ती वाशिमकडची, मनात काही न ठेवणारी. घर सोडून जाताना, मला बरे वाटावे म्हणून तिने सांगितले :

"आजी लय मायाळू होत्या आजोबा. मले म्हनत, ह्यायचे गाल फुगले का समजाचं वाजवून रायले, अन् मंग आपन मान हालवाची. नाई तं मानूस खट्टू होते."

मी तिला म्हणालो, तू उशिरा आलीस, तोवर तिचे उरलेले कानही गेले होते. टँकरच्या संध्याकाळी तिला माझे गाल दिसत नव्हते. मी दोन भिंतींपलीकडे होतो. मंदाने मान हलवली. अगदी सुमनसारखी.

टँकरच्या संध्याकाळी मागच्या प्लॉटवर त्या वेळेपर्यंत ढोल सुरू झाले नव्हते, अशी माझी खात्री आहे. म्हणजे, होती. यंदा पहिला ढोल कोसळला तेव्हा मी घड्याळाकडे पाहिले, आणि ती शेपू निवडायला बसण्याची वेळ तीच, हे माझ्या लक्षात आले. त्या दिवशी मी षड्ज लावला होता. माझ्या कवटीत दुसरे काही शिरायला जागा नव्हती. बाहेर काय वाजत होते हे घरात कोणाला विचारावे तर घरात कोणी नाही.

गेल्या आठवड्यात लेले अर्ज घेऊन आले. "नाना, दरवर्षीप्रमाणे पहिली सही तुमची."

"या वर्षी नाही."

"म्हणजे ढोल आवडायला लागले म्हणायचे!"

"बिलकूल नाही. ते असह्य आहेत."

"मग?"

मी अर्ज त्यांच्या हातात परत दिला. लेले जिना उतरताना काहीतरी पुटपुटले. उद्या त्याचीही एक आवृत्ती होईल. मी दार लावून घेतले, स्वयंपाकघरात गेलो आणि खिडकीच्या गजावर, जिथे तिचा हात असे तिथे, हात ठेवला. ढोल हातातून दंडापर्यंत आला. एवढे खरे आहे. एवढ्यावर लेल्यांनीही वाद घालू नये.

मग मी प्रयोग करायचे ठरवले. कानांत कापसाचे बोळे घातले, त्यांवर मफलर गुंडाळला, कपाट उघडले. त्या सुराला कळा लागत नाहीत, त्यामुळे उजवा हात मोकळा असतो. तो मी तिच्याप्रमाणे काठावर ठेवला, डोळे मिटले आणि फुंकर घातली. कानांनी न ऐकता नुसत्या तळव्याला काय कळते, ते मला पाहायचे होते. पण सूर तळव्यातून आला नाही. तो कवळीतून आला, जबड्यातून, कपाळाच्या हाडातून, मंदिराच्या गाभाऱ्यात उभे राहावे तसा सगळीकडून आला. मी पुन्हा कापूस दाबला. पुन्हा तसेच. ज्याच्या ओठांतून सूर निघतो त्याला त्या सुरापुरते बहिरे होता येत नाही. आठवडाभर मी हे करून पाहतो आहे. हा प्रयोग एकट्या माणसाला करता येत नाही. त्याला दुसरे माणूस लागते.

म्हणून हे जाहीर लिहितो आहे. ज्यांचे म्हणणे आहे की तिला काहीच ऐकू येत नव्हते, त्या सर्वांनी, श्रीरंगने, लेल्यांनी, मंदाने आणि नातेवाइकांपैकी ज्यांना माझ्या फुफ्फुसांची काळजी आहे त्यांनीही, एकदा यावे. स्वयंपाकघरात तिची खुर्ची तिथेच आहे. कानांत कापूस घालून, माझ्याकडे पाठ करून बसावे. मी दोन भिंतींपलीकडे कपाटासमोर असेन, साड्या तशाच आहेत. काही जाणवले तर सांगावे, नाही जाणवले तरी सांगावे. पण भिंतीपलीकडून, मोठ्याने. कोणत्याही दिवशी आलात तरी चालेल. दुपारी एक ते चारमध्येसुद्धा. दारावरची ती पाटी मी काढली आहे.